वडिलांचे कान

आरशावरचा मिणमिणता बल्ब काढून तिथे चांगला पांढराशुभ्र बल्ब लावायचा, एवढंच हेडक्लार्कने ठरवलं होतं. रविवारी सकाळी स्टुलावर चढून त्याने तो लावला, खाली उतरून बटण दाबलं, आणि आरशात त्याचे वडील उभे होते.

वडिलांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

हेडक्लार्क ओरडला नाही. (ओरडायला तोंड उघडलं होतं, पण वडिलांनीही उघडलं. ते काही बोलतील या भीतीने त्याने ते घाईघाईने मिटलं.) मग हळूहळू उलगडा झाला. चेहरा त्याचा स्वतःचाच होता. कान तेवढे वडिलांचे होते. दोन्ही कानांच्या कडांवर काळ्यापांढऱ्या राठ केसांचे झुबके उगवले होते, आणि खिडकी बंद असूनही ते जरासे हलत होते.

"अगं, माझ्या कानांवर केस आलेत!"

"तीन वर्षं झाली," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही हौसेने ठेवलेत."

प्रकरण इथेच हसण्यावारी गेलं असतं. पण दुपारी तो आईच्या खोलीत चहा घेऊन गेला. आईला चौऱ्याऐंशीवं चालू होतं. नजर अधू झाली होती आणि आठवणीचा काही भरवसा नव्हता. ती कधी आजच्या तारखेत असायची, कधी तीस वर्षं मागे. तिने दारातल्या आकृतीकडे टक लावून पाहिलं.

"आलात?"

"आई, मी आहे."

"दिसतंय मला, तुम्हीच आहात ते. तिकडे जागा नाही मिळाली का? मी स्वतः पोचवून आले होते तुम्हाला."

त्याने कपबशी मेजावर आदळली.

"हळू," आई म्हणाली. "तो घरातच असेल. घाबरेल."

"कोण?"

"कोण काय? तुमचा लेक. लहानपणापासून भित्रा. अजून साहेबापुढे मान वर होत नाही आणि बायकोपुढे तोंड उघडत नाही. तुमचं एकही लक्षण उचललं नाही त्याने."

पोटच्या पोराला आईचं आपल्याविषयीचं खरं मत असं तोंडावर ऐकायला मिळणं, हा योग फार थोड्यांच्या नशिबी असतो. हेडक्लार्कच्या नशिबी तो रोज यायला लागला. तो खोलीत शिरला की आई आवाज खाली आणायची आणि तक्रारी सुरू करायची. शेवटी त्याने कात्री घेतली आणि दोन्ही कान साफ केले. आठ दिवस आई त्याला नावाने हाक मारत होती. नवव्या दिवशी खुंट वर आले.

"आठवडाभर कुठे होतात?" आईने विचारलं.

त्या दिवशी हेडक्लार्क जेवला नाही.

"विजेने काढून टाका ना," बायको म्हणाली. "माझ्या मावशीने हनुवटीवरचे काढले होते. मूळच जाळतात. गेला तो केस गेला, परत येत नाही."

'परत येत नाही' हे शब्द हेडक्लार्कला फार गोड लागले.

दवाखाना तिसऱ्या मजल्यावर होता. बाहेरच्या खोलीत चार माणसं बसली होती. चौघांचे चेहरे उकडलेल्या अंड्यासारखे गुळगुळीत होते आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पडद्याआडून बारीक गुणगुण येत होती. मग 'टिक्'. शांतता. पुन्हा 'टिक्'.

आत केस काढणाऱ्या बाई होत्या. आवाज इतका मऊ, की ऐकायला वाकावं लागे. त्यांनी दिव्याचं भिंग पुढे ओढलं आणि त्यामागे त्यांचा एक डोळा बशीएवढा झाला.

"छातीत पेसमेकर?"

"नाही."

"जखम भरल्यावर वण फुगून राहतात?"

"नाही."

"घाई आहे?"

"नाही. म्हणजे, हो."

"मग नीट विचार करा. हे एका दिवसाचं काम नाही. एकेका केसाच्या मुळाशी सुई घालायची, वीज सोडायची, मूळ मारायचं. पण काही आत झोपलेले असतात. ते आज सापडत नाहीत. वेळ झाली की वर येतात. मग पुन्हा यायचं. वर्ष तर सहज जातं."

(बाई केसांबद्दलच बोलताहेत, हे हेडक्लार्कने मनाशी दोनदा घोकलं.)

"आणि हे गेल्यावर," बाईंनी आणखी हळू विचारलं, "घरात कुणाला चुकल्याचुकल्यासारखं होईल?"

"केसांवाचून?"

"विचारून ठेवते. काढणं माझ्या हातात आहे, परत आणणं नाही. आज फक्त डावा कान करू. कातडी कशी वागते ते बघू. पंधरा दिवसांनी ठरवा."

तापलेली मुंगी चावावी तसं दर 'टिक्'ला होत होतं. अर्ध्या तासाने हेडक्लार्क एका कानाने स्वतः आणि एका कानाने वडील होऊन घरी आला.

तो खोलीत शिरला तेव्हा आईकडे त्याची डावी बाजू होती.

"आलास का रे? कान का लाल झालाय?"

हेडक्लार्कला भरून आलं. तो खुर्ची ओढायला वळला.

"अहो," मागून हलका आवाज आला, "तो आत्ता इथे होता. गेला कुठे?"

तो गर्रकन फिरला. "आलास?" पुन्हा वळला. "आलात?" खोलीत एकच दार, आणि त्यातून दोन माणसं अशी ये-जा करत होती, की एकदा खुद्द हेडक्लार्कनेच आपल्या उजव्या बाजूला कोण आहे ते वळून पाहिलं.

"आता बसा," आई म्हणाली. "एक विचारायचंय. तो नाही ना इथे?"

"नाही," हेडक्लार्क म्हणाला. आवाज घोगरा निघाला. त्याचा नेहमीचा नव्हता.

"दवाखान्यात मी थर्मास भरायला खाली गेले. दहा मिनिटं. तेवढ्यात तुम्ही गेलात. छप्पन्न वर्षांत मला न सांगता कोपऱ्यापर्यंतही गेला नव्हतात. मग त्याच दिवशी असं का केलंत?"

सहा वर्षांत तिने हे कुणाला विचारलं नव्हतं. आई, मी आहे, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं.

"तू समोर असतीस," तो म्हणाला, "तर पाय निघाला नसता."

हे कुठून आलं, ते त्याला आजही सांगता येत नाही.

"खोटारडे," ती म्हणाली आणि हाताने डोळे पुसले. चेहरा मात्र एकदम हलका झाला होता. "जा आता. परत येऊ नका. पोरगं घाबरतं."

हेडक्लार्क बाहेर आला.

"काय ठरलं मग?" बायकोने विचारलं.

"काढायचे," तो म्हणाला. "परवानगी मिळाली."

वर्षभर तो तिसऱ्या मजल्यावर जात राहिला. झोपलेले एकेक करून उठले आणि एकेक करून गेले. शेवटच्या दिवशी बाईंनी भिंगातून दोन्ही कान पाहिले आणि मान डोलावली. हेडक्लार्क तडक आईसमोर जाऊन बसला. त्याने डावा कान दाखवला. उजवा दाखवला. मग हसून चेहरा सरळ केला.

आईने डोळ्यांवर हात धरून त्याला न्याहाळलं. मग घाईने सावरून बसली.

"या, या व्याहीबुवा! किती दिवसांनी! सूनबाई, तुझे वडील आलेत गं!" आणि पुढे वाकून हलक्या आवाजात म्हणाली, "आलाच आहात तर बोलते. मुलगी तुमची सोन्यासारखी आहे हो. लग्न ठरवताना आमच्या दिवट्याबद्दल आम्ही थोडं लपवलं होतं, तेवढं पोटात घाला."

बायको दारात येऊन उभी राहिली होती. तिने हेडक्लार्कला कानापासून कानापर्यंत नीट पाहून घेतलं.

"बाबा," ती म्हणाली, "चहात साखर घालू ना?"