सरदारची वाट

सहदेव रानातून चालत सासुरवाडीला जाणार, हे ऐकून प्रेमलतेने हातातली भाताची तवली खाली ठेवली.

"येष्टीन चला ना सरळ. त्या रानात काय ठेवलेला आसा?"

"तुका नाय कळाचा. मुंबयत आमच्या हापिसातले लोक सुट्टीत मुद्दाम डोंगरात चलत जातत."

"तेंका सासुरवाडी नसात."

पण चोरबाजारातून आणलेली लष्करी पाठपिशवी सहदेवला स्वस्थ बसू देत नव्हती. मे महिन्याच्या रजेवर येताना त्याने ती मालवणपर्यंत बोटीतून मिरवत आणली होती. तिच्यात त्याने दोरी, सुरी, बिस्किटांचा पुडा आणि सासऱ्यांसमोर नेसायचं परीटघडीचं धोतर भरलं. अंगात खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर हॅट. प्रेमलता मुलांना घेऊन येष्टीने गेली आणि सहदेव घरच्या कुत्र्याला, सरदारला, घेऊन पहाटे रानात शिरला.

सरदार पुढे, सहदेव मागे. वाटेला फाटा फुटला की कुत्रा उजवीकडे वळे आणि मागून सहदेव हुकूम सोडी, "सरदार, उजवीकडे!" असे चार फाटे झाल्यावर आपण कुत्र्याला किती छान तयार केलं आहे, याचं त्याला कौतुक वाटू लागलं. वास्तविक वर्षातले अकरा महिने तो स्वतः मुंबईत असे.

पुढे वहाळ लागला. उन्हाळ्यामुळे तो आटला होता, फक्त मधल्या कोंडीत कमरेएवढं पाणी होतं. सरदार कडेच्या दगडांवरून पलीकडे गेला. सहदेवने मात्र साहेबी थाटात सरळ वहाळ ओलांडायचं ठरवलं आणि शेवाळावरून घसरून तो पिशवीसकट कोंडीत बसला. हॅट उडून काठच्या करवंदीच्या जाळीत अडकली. ती काढताना चड्डी फाटली, तोंड ओरबाडलं आणि बाहेर आल्यावर कळलं की धोतराचा चिखलाने लगदा झाला आहे. नेसायला दुसरं काही नव्हतं. तो तसाच निघाला.

दुपारी रान संपलं आणि एक वाडी आली. सरदार पहिल्याच घराच्या पडवीत चढला आणि ठरलेल्या जागी बसावं तसा खांबाला टेकून बसला. आतून एक म्हातारी करवंटीत पेज घेऊन आली. ती सुभद्राकाकी. करवंटी तिने सरदारपुढे ठेवली.

"इलंस रे बंड्या? किती दिवस खंय होतंस?"

सहदेव गडबडला. गडबडला की त्याच्या तोंडून मुंबईची मराठी येई.

"बाई, हा कुत्रा माझा आहे."

काकीने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "धोंडू! हय ये रे! भाषा सायबाची नि चड्डी फाटकी, असो एक मनीस बंड्याक न्हेवक इलोहा!"

शेजारचा धोंडू कोयता घेऊनच आला. "तुझो कुत्रो? मगे हाक मार बघया."

"सरदार, इकडे ये!"

सरदारने मान वर केली, वाटेत भेटलेल्या प्रवाशाकडे बघावं तसं सभ्यपणे पाहिलं आणि पुन्हा पेजेत तोंड घातलं.

धोंडूने पिशवी उलटी केली. दोरी पडली. "ही बांधूक." सुरी पडली. "ही धाक दाखवक." बिस्किटांचा ओला पुडा पडला. "आणि ही फशवक! काकी, पुरो चोर आसा ह्यो!"

"अहो, मी पलीकडच्या गावातल्या आबांचा जावई!"

धोंडू हसला. "आबांचो जावय मुंबयत मोठो सायब आसा. आबा सगळ्यांक सांगतत. तो असो फिरात?"

मोठा साहेब ही बातमी सहदेवनेच सासऱ्यांना पत्रातून पुरवली होती. त्याला फणसाखाली बसवून धोंडूने आबांना बोलावणं धाडलं.

तासाभराने आबा काठी टेकत आले. त्यांनी डोळे बारीक करून सहदेवला न्याहाळलं. कोट-टोपीतला जावई त्यांनी पाहिला होता. हे चिखलाने भरलेलं, ओरबाडलेलं तोंड काही ओळखीचं वाटेना.

"मामांनू, मी सहदेव!"

"नाव कोणय सांगात," आबा म्हणाले.

इतक्यात सरदार पडवीतून धावत आला आणि आबांच्या पायांत लोळू लागला. आबांचा चेहरा खुलला.

"अरे, ह्यो तर आमचो सरदार! पिलू आसताना मीच दिलेलंय. म्हयन्यातसून एकदा भेटाक येता बिचारो." मग ते सहदेवकडे वळले आणि जरा विचार करून म्हणाले, "कुत्रो माझ्या चेडवाच्या, प्रेमलतेच्या घरचो. म्हणजे ह्यो तिचो घोव आसतलो."

एवढा पुरावा धोंडूला पुरला. त्याने दोरी आणि सुरी परत केली. बिस्किटं तोवर काकीने सरदारला घातली होती.

संध्याकाळी आबा, त्यांच्यामागे सरदार आणि शेवटी सहदेव, अशी वरात अंगणात शिरली. प्रेमलता सकाळीच पोचली होती. न्हाऊन, जेवून, झोप काढून ती दारात उभी होती.

"पोचलात मारे?"

सहदेव तोंड उघडणार तोच आबा म्हणाले, "पोचले नाय. सरदारान पोचवल्यान."

प्रेमलतेने आतून तांब्या आणला आणि पहिलं पाणी कुत्र्याच्या करवंटीत ओतलं. सहदेव पायरीवर आपल्या पाळीची वाट बघत बसून राहिला.