टोपणाची फेरतपासणी

माणसाने देवावर विश्वास ठेवावा, बायकोवर ठेवावा, फार तर हवामान खात्यावरही ठेवावा; मापावर मात्र ठेवू नये, कारण माप नेहमी देणाऱ्याच्या हातात असतं. हे वचन कोणत्याही पोथीत नाही, पण निरवांगीच्या हिंदुरावांना ते तोंडपाठ आहे.

हिंदुराव ऊस पिकवतात आणि दोनदा तोलतात. उसाची ट्रॉली आधी रस्त्यावरच्या खासगी काट्यावर, मग कारखान्याच्या काट्यावर (कारखान्याचं नाव सांगत नाही; सगळे आपलेच आहेत). गेल्या बावीस वर्षांत दोन्ही वजनं तंतोतंत जुळत आली. एकदाच पासष्ट किलोंचा फरक पडला, आणि तो चहा प्यायला उतरलेला ड्रायव्हर निघाला. बावीस वर्षं काटे जुळतात म्हणजे दोघांचं आतून संगनमत असलं पाहिजे, याबद्दल हिंदुरावांना आता कसलीही शंका उरलेली नाही.

म्हणून त्यांना कारखान्याच्या वार्षिक सभेत एकच प्रश्न विचारायचा होता : काटा ज्या मापानं तपासतात, ते माप कोण तपासतं? प्रश्न साधा होता, पण सात वर्षं तो पोटातच राहिला. दोनदा वेळ संपली, तीनदा माइक बंद पडला, एकदा जेवणाच्या पंगती लागल्या आणि एका वर्षी अध्यक्ष मानसिंगराव स्वतःच म्हणाले, "हिंदुराव, तुमचा प्रश्न इतका चांगला हाय, की तो पुढल्या वर्षी घिऊ." यंदा मात्र प्रश्न छापील पत्रिकेत आला. विषय क्रमांक नऊ. हिंदुरावांनी पत्रिका देवाशेजारी ठेवली.

आणि सभेला आठ दिवस उरले असताना खोकला आला. कोरडा, ठसक्याचा आणि विलक्षण हजरजबाबी. हिंदुराव आरशासमोर सराव करायला उभे राहिले, की "अध्यक्षमहोदय, का—" इथवर पोचायचे आणि 'टा' यायच्या आत खोकला यायचा. चाळीस प्रयत्नांत काटा एकदाही पूर्ण झाला नाही. त्यांची बायको बनाबाई म्हणाल्या, "अवो, असं तितं केलंत तर लोकं पाणी देतील, उत्तर कोण न्हाय द्यायचं."

सूनबाई स्वरूपाने त्यांना बारामतीला डॉक्टर दीप्तींकडे नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, इतर गोळ्या चालू आहेत का विचारलं आणि औषध लिहून दिलं. सूचना अशा होत्या : पाच मिली, म्हणजे टोपणाच्या रेघेपर्यंत एकदा, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. झोप येते, गाडी चालवू नका. सोबत सर्दीची दुसरी गोळी घेऊ नका. घरात कुणी खोकलं तर त्याला हे पाजू नका. डॉक्टरांनी हे दोनदा सांगितलं, हिंदुरावांनी दोनदा मान हलवली. (मान हलवणं ही आपल्याकडे ऐकल्याची पोच असते. समजल्याची पोच निराळी असते आणि ती सहसा देत नाहीत.)

घरी आल्यावर स्वरूपाने बाटलीसोबतचा कागद पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. घरात एक माणूस वाचणारा असला, की बाकीच्यांना वाचल्याचं पुण्य आपोआप लागतं.

"आबा, रेघेपर्यंत एकच टोपण," ती म्हणाली.

"रेघ कुणी मारली?"

"कंपनीनं."

"आन् औषध कुणाचं?"

"कंपनीचंच की."

"मग झालं! माल बी त्येंचा आन् माप बी त्येंचंच. पोरी, हितंच तर गोम हाय."

तेव्हा औषध घेण्याआधी टोपणाची फेरतपासणी करण्याचं ठरलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हिंदुरावांचं तोंड कधीच पोळलं नव्हतं, तरी ते फुंकण्यात कसूर करत नसत. गावच्या दूध संकलन केंद्रावर माऊली दूध मोजतो. त्याच्याकडे शंभर मिलीची काचेची नळी आहे. वीस टोपणं पाणी ओतलं तर नळी बरोबर शंभराला टेकली पाहिजे, हे गणित सर्वानुमते मान्य झालं. दूध घालायला आलेल्या कुशाबाई पंच म्हणून उभ्या राहिल्या.

तेरा टोपणं सुरळीत गेली. चौदाव्याला हिंदुरावांना खोकला आला आणि अर्ध्याहून जास्त टोपण कुशाबाईंच्या पदरावर पडलं. वीस टोपणांअखेर नळी सत्त्याण्णववर थांबली.

"बघा!" हिंदुराव ओरडले. "तीन टक्के तूट!"

"अवो तात्या, सांडलं न्हव का माझ्या अंगावर?" कुशाबाई म्हणाल्या.

पण पंचाने तपासात हस्तक्षेप करायचा नसतो, हे त्यांना समजावून सांगण्यात आलं. जाता जाता माऊलीने स्वतःच्या शेतासाठी ठेवलेल्या, उसाची गोडी बघायच्या यंत्रावर औषधाचा एक थेंब ठेवून पाहिला. यंत्राची पट्टी संपली तरी गोडी संपेना. असा साखरेचा उतारा सबंध तालुक्यात कुणाच्या उसाला नव्हता, आणि तिथून पुढे हिंदुरावांना औषधाबद्दल आदर आणि टोपणाबद्दल तिरस्कार वाटू लागला.

आता डोस दुरुस्त करणं भाग होतं. सिद्ध झालेली तूट तर धरायचीच. शिवाय टोपणाच्या भिंतीला चिकटून राहणारं औषध, मिशीत अडकणारं औषध (मिशी घनदाट असल्याने हा आकडा सढळ हाताने धरला), आणि डॉक्टरांनी पाच मिली ठरवताना शहरातला कुणीतरी सडपातळ माणूस डोळ्यांसमोर आणला असणार, त्याबद्दलची भर. सगळी बेरीज सव्वा टोपणाच्या आसपास येत होती. हिंदुरावांनी ती पूर्णांकात तीन केली.

तपासणी, हरकती आणि दुरुस्ती यांत पाच दिवस गेले आणि तोवर एक थेंबही पोटात गेला नव्हता. त्यामुळे पहिला डोस सभेच्या दिवशी सकाळी, स्वरूपा गोठ्यात असताना, समारंभपूर्वक घेण्यात आला. टोपणं तीन. वर बनाबाईंनी डब्यातून गेल्या वर्षीची सर्दीची गोळी काढून दिली. "इतकी गुणाची गोळी, वाया कशाला घालवायची?"

हिंदुराव ट्रॅक्टरची किल्ली शोधू लागले तेव्हा ती स्वरूपाच्या कमरेला होती.

"आबा, कागदावर लिवलंय, गाडी चालवायची न्हाय."

"ट्रॅक्टर काय गाडी हाय व्हय? घरचा हाय त्यो."

तिने ऐकलं नाही. त्यांना स्कूटीवर मागे बसवून ती स्वतः सभेला घेऊन गेली. वाटेत हिंदुराव कालव्यावरच्या बगळ्यांना नावानिशी हाका मारत होते, तेव्हा तिने मागे वळून विचारलं, "आबा, किती टोपणं घेतली?" हिंदुराव लाडाने म्हणाले, "दुरुस्त करून घेतली."

मंडपात त्यांनी पहिल्या रांगेत जागा धरली. खोकला खरोखरच गेला होता. छाती मोकळी होती, पाय हलके होते आणि खुर्ची जमिनीपासून चार बोटं वर तरंगत होती. व्यासपीठावरचे झेंडू त्यांच्याकडे पाहून हसत होते. मानसिंगरावांना आजवर आपण उगाच वाईट म्हटलं, किती गोड माणूस, असं वाटून त्यांचे डोळे भरून आले. पहिले आठ विषय चार मिनिटांत मंजूर झाले. (हा वेग नेहमीचाच आहे, त्याचा औषधाशी संबंध नाही.)

"विषय क्रमांक नऊ. बोला, हिंदुराव!"

सात वर्षांनी माइक हातात आला. माइक चालू होता. मागच्या रांगेत स्वरूपा उठून उभी राहिली.

"अध्यक्षमहोदय," हिंदुराव म्हणाले, "काटा..."

पहिल्यांदाच काटा पूर्ण झाला. त्या आनंदात हिंदुरावांनी डोळे मिटले. मान हळूच खाली गेली, वर आली आणि पुन्हा खाली गेली. मग ध्वनिक्षेपकातून एक दीर्घ, समाधानी घोरणं साऱ्या मंडपभर पसरलं.

मानसिंगरावांनी क्षणभर पाहिलं. एवढ्या वर्षांचा अनुभव काय उगाच असतो? "हिंदुराव म्हणतात, काटा बरोबर हाय. मान हलवून म्हणतात. मंजूर?"

"मंजूर!" मंडप गरजला.

टाळ्या वाजल्या, हार पडला, आणि झोपलेल्या हिंदुरावांना स्वरूपाने दोघा सभासदांच्या मदतीने त्यांच्यातल्या एकाच्या जीपमध्ये घालून थेट बारामतीला नेलं. वाटभर ती त्यांना हलवत होती आणि रडत होती. डॉक्टर दीप्तींनी संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवलं. "ट्रॅक्टरची किल्ली काढून घेतलीत, म्हणून हे इथवर तरी पोचले," त्या स्वरूपाला एवढंच म्हणाल्या.

जागे झाल्यावर हिंदुरावांनी पहिलं वाक्य उच्चारलं, "टोपणात तूट हाय." डॉक्टरांनी सुई काढलेली सिरिंज घेतली, तिच्यात बरोबर पाच मिली पाणी भरलं आणि हिंदुरावांनी पुरावा म्हणून खिशात आणलेल्या टोपणात सोडलं. पाणी रेघेला टेकलं. रेघेच्या वर नाही, खाली नाही.

हिंदुरावांनी टोपण हातात घेऊन डोळ्यांजवळ नेलं. मग ते स्वरूपाकडे वळून म्हणाले, "जन्मभर खोटं माप हुडकत हिंडलो, पोरी. आन् खरं भेटलं तवा वळखू आलं न्हाय."

सभेचं इतिवृत्त पुढच्या आठवड्यात घरी आलं. 'ठराव क्रमांक नऊ : काट्याबाबत सभासदांची पूर्ण खात्री असून हा विषय पुढील पाच वर्षे घेण्यात येऊ नये. अनुमोदक : श्री. हिंदुराव (मान हलवून).' ते त्यांनी देवाशेजारी ठेवलं नाही.

या घटनेनंतर बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या सुशिक्षित घरांची एक छोटी पाहणी करण्यात आली. अकरा घरांचे फ्रिज उघडले. अकराही दारांत खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली होती. सहा बाटल्यांना टोपण नव्हतं, चार दुसऱ्याच कुणासाठी लिहून दिलेल्या होत्या, आणि एकीची मुदत घरातल्या लग्नाच्या आधीच संपली होती. कागद एकाही घरात सापडला नाही. हिंदुरावांची गोष्ट सांगितल्यावर मात्र अकराही घरं पोट धरून हसली.

तुमचं घर बारावं. बाटली कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, कारण मघाशी वाचताना ती एकदा तुमच्या डोळ्यांसमोर येऊन गेली. हरकत घ्यायची असेल तर आत्ता उठून घ्यावी. बसून राहिल्यास अनुमोदक म्हणून तुमचं नाव लिहून घेतलं आहे. मान तर तुम्ही मघापासून हलवतच आहात.