माईंची फेरपरीक्षा

परवाना कार्यालयात शिरल्याशिरल्या माईंच्या लेकानं खिडकीतल्या कारकुनाला हळूच सांगितलं, "साहेब, आईचं वय पंच्याहत्तर आहे. जरा कडक तपासा." हळूच म्हणजे त्याच्या मते. माईंचे कान अजून ठणठणीत होते.

तीस वर्षं रुग्णवाहिका चालवलेल्या माईंना ते चांगलंच झोंबलं. कारकुनाला मात्र चेव चढला. ज्येष्ठांच्या नूतनीकरणाचे होते नव्हते तेवढे नियम त्यानं बाहेर काढले. आधी डोळे. माईंनी तक्त्याची शेवटची ओळ तर वाचलीच, शिवाय त्याखालचं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं. मग गुडघे, मग रक्तदाब.

"तुमचा उत्तम आहे," तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मुलाचा बघू का? घामाघूम झालेत."

शेवटी गाडी चालवणं. निरीक्षक शेजारी, लेक मागे. दोन खांबांमध्ये गाडी उलटी लावायची होती. माईंनी आरशात एकदा पाहिलं आणि एका दमात गाडी आत घातली. दोन्ही अंगांना वीत-वीतभर जागा! निरीक्षकानं उतरून दोनदा खात्री केली.

"बाई, हे शिकलात कुठं?"

"गल्लीबोळांतून बाळंतिणी न्या तीस वर्षं. आपोआप येतं."

कारकुनाच्या पोतडीत अजून एक नियम होता. "सोबतच्या माणसाची सही हवी. आणि त्याचा परवाना."

लेकानं ऐटीत परवाना पुढे केला. कारकुनानं तो उलटसुलट पाहिला. "अहो, हा दोन वर्षांपूर्वीच संपलाय! मग आज गाडी कोणी चालवत आणली?"

लेकाला एकदम खोकल्याची उबळ आली.

सही डॉक्टरीणबाईंनी केली. लेकाला मात्र पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची होती: शिकाऊ परवाना, त्याची प्रश्नपत्रिका. विसातले अकरा चुकले.

"पंधरा दिवसांनी या," कारकून म्हणाला. "अभ्यास करून."

नवाकोरा परवाना पर्समध्ये ठेवून माईंनी हात पुढे केला. "किल्ली."

लेकानं निमूटपणे किल्ली दिली आणि शेजारी बसला. पहिल्याच वळणावर त्याचा उजवा पाय कचकन जमिनीवर दाबला गेला.

"पाय आवर, तिथं ब्रेक नाहीये," माई रस्त्यावरची नजर न हटवता म्हणाल्या. "आणि पट्टा लाव. मगाशी तो प्रश्नही चुकलास."