हेन्री पाचवा आणि उकळलेलं पाणी

सोमाजीभाऊंच्या घरी पाहुणा गेला की त्याला कपबशीत वाफाळतं पाणी मिळायचं. चहा नव्हे हो, पाणी! पाहुण्यानं फुंकर मारत दोन घोट घेतले की भाऊ समाधानानं म्हणायचे, "हेन्री पाचव्यानं एवढंच केलं असतं ना, तर गोष्ट अलग राह्यली असती."

एटापल्लीकडच्या एका गावात मी शाळेवर रुजू झाले, तेव्हा भाऊ शाळेचे निवृत्त शिपाई आणि माझे शेजारी होते. शिक्षण चौथी. चंद्रपूर पाहिलेलं, तेही दोनदाच. पण इंग्लंडचा पाचवा हेन्री राजा त्यांना चुलतभावासारखा माहीत. बदली झालेले एक हेडमास्तर विलायतेच्या राजांवरचं एक जुनं मराठी पुस्तक कपाटात विसरून गेले होते. दोन घंटांच्या मधल्या वेळात भाऊंनी ते वाचून काढलं, आणि बाकीचे सगळे राजे बाद करून हा एकच ठेवला. हाच का, ते मी विचारलं नाही. माणसाला काही ना काही खूळ असतंच.

धानाच्या रोवणीत तर राजाची मोहीम हमखास निघायची. गुडघाभर चिखलात उभे राहून भाऊ सांगत, "असंच वावर व्हतं, बाई. नांगरलेलं, वरून पाऊस. फ्रान्सचे सरदार अंगावर मणभर लोखंड घालून उतरले. आता मले सांगा, चिखलात लोखंड घालून कोन उतरते?"

"कोनी नाई, भाऊ!" ओणव्या बाया एकसुरात.

"हेन्रीचे मानसं तीरकमठेवाले, हलकेफुलके. अर्ध्यांले तर हगवण लागली व्हती. बिनचड्डीचे लढले, पन जिंकले!"

बाया हसून हसून लोटपोट व्हायच्या. शेजारची जनाबाई विचारायची, "भाऊ, तुमी रोवून राह्यले का लढून राह्यले?"

पण भाऊंचं मन लढाईत नव्हतंच. ते अडकलं होतं त्याआधीच्या हारफ्लरच्या वेढ्यात. तिथं राजाची फौज दलदलीच्या काठी तळ देऊन बसली, आणि तलवारीपेक्षा जास्त माणसं हगवणीनं गेली. ते वाचल्यापासून गावातल्या प्रत्येक माठावर भाऊंची नजर. लग्नात पाण्याच्या ड्रमापाशी उभे राहून "उकळलं का?" म्हणून वऱ्हाडाला अडवायचे. स्वतःच्या दाराशी आणि न विचारता माझ्याही दाराशी त्यांनी बादली ठेवली होती. हातपाय धुतल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडायचा नाही. माझे सासरे आले, त्यांनाही दोनदा धुवायला लावलं!

एकदा भर मे महिन्यात तपासणीचे साहेब आले. त्यांनी पाणी मागितलं आणि भाऊंनी चुलीवरचं थेट आणून दिलं. साहेबांची जीभ पोळली. मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो भाऊ, थंड तरी करायचं!"

"थंड केलं असतं, तर उकळलं हे त्याले कसं समजलं असतं?"



गोष्टीचा शेवट मात्र नेहमी एकच. "मंग राजानं फ्रान्सच्या राजाच्या पोरीसंग लगन लावलं. झालं." पुढं काय, असं कोणी विचारलं की भाऊ उठून बादली भरायला जायचे.

त्या वर्षी श्रावणात माझी चिंगी आजारी पडली. चार वर्षांची पोर. शनिवारी पहाटेपासून जुलाब सुरू झाले आणि दहा वाजेतो डोळे खोल गेले. नाल्याला पूर होता. एसटी बंद, दवाखाना पलीकडे. चिंगीचे बाबा वरोऱ्याला नोकरीला, ते संध्याकाळच्या गाडीनं यायचे होते. पोर हातची जाते की काय, एवढंच माझ्या डोक्यात.

भाऊ आले, हात धुतले आणि मीठ-साखरेचं पाणी घेऊन खाटेशी बसले. दर घोटाला एक वाक्य. "जहाज निघालं. घे, माय." चमचा. "किनाऱ्याले लागलं. घे." चमचा. पोरीनं ओकून टाकलं की थोडं थांबायचे आणि जहाज परत किनाऱ्याहून काढायचे. हारफ्लर त्या दिवशी चार वेळा पडलं असेल. मी सकाळपासून चूल विझू दिली नाही.

तीनच्या सुमाराला चिंगीला लघवी झाली, जीभ ओली दिसली. मी रडले. ती भाऊंना बारीक आवाजात म्हणाली, "आबाजी, लग्न झालं, मग राजा घरी गेला?"

भाऊंचा चमचा थांबला.

"नाई गेला, माय. त्याले घरी लेकरू झालं व्हतं. हा तिकडंच लढाईवर. त्याले हगवण लागली अन् तिथीच मेला. लेकराचं तोंडबी नाई पाह्यलं."

चिंगीला तेवढ्यात झोप लागली. भाऊ माझ्याकडं न बघता बोलत राहिले. "मी बांबूच्या कटाईवर व्हतो, बाई. मांगं पोरगी झाली. निरोप आला, पन मुकादम म्हणे, कटाई संपल्यावर जा. आलो तवा रिकामा पाळणा आढ्याले टांगून ठेवला व्हता. चार महिन्यांची झाली व्हती म्हणे. तिले हगवणीनंच नेलं. बायको सांगे, नाक माह्यासारखं व्हतं."

इतकी वर्षं मी या माणसाला हसले होते. मला माझीच लाज वाटली.

दिवेलागणीला पूर ओसरला आणि चिंगीचे बाबा नाला चालत ओलांडून आले. मांडीपर्यंत चिखल. वाटेत कोणीतरी पोरीचं सांगितलेलं, तोंड पांढरंफटक पडलं होतं. तरी सवयीनं ते बादलीपाशी वाकले.

भाऊंनी त्यांचा दंड धरला आणि तसंच, त्या चिखलाच्या पायांनी, थेट खाटेपाशी ओढत नेलं.

"पाय मंग धुवा. आधी पोरीले पाहून घ्या."