रंगरावांनी अंधार केला त्याची गोष्ट

या खेपेला पाहुणे घरात आले की तोंडात बोट घालून उभे राहतील, असं रंगरावांनी घरात जाहीर करून टाकलं. सिंधूला बघायला येणारी ही चौथी मंडळी. आधीच्या तिन्ही मंडळींनी पोहे खाल्ले, चहा घेतला, 'कळवतो' म्हणाले आणि पुन्हा धाड गावाचं नाव घेतलं नाही. रंगराव आता दमले होते. तोच धुतलेला फेटा, तेच ओढूनताणून आणलेलं हसू, 'आमची पोरगी सातवी पास आहे, शिवणही येतं' हे तेच वाक्य. चूक कुठे होते म्हणून त्यांनी मध्यस्थ भाऊरावांना विचारलं, तर भाऊरावांनी सुपारी कातरता कातरता दुसरीकडे पाहिलं. तेव्हा रंगरावांनी आपल्या मनानेच ठरवलं की कमी आहे ती घरात. बैठकीत बघण्यासारखं काही नाही. माणूस दमला की त्याला काहीतरी नवं सुचतं, आणि तिथेच त्याचा घात होतो.

रंगरावांना सुचली माशांची पेटी. महाराष्ट्र नवा नवा झाला होता, साहेबांच्या बदल्या धडाधड होत होत्या. बुलढाण्याच्या अशाच एका साहेबाला आपली काचेची पेटी सोबत नेता येईना. रंगरावांनी ती मागून घेतली आणि पेटी कडब्यावर, मासे घागरीत, अशी बैलगाडी हळूहळू हाकत धाडला आणली. लाल, सोनेरी मासे. सगळी गल्ली बघायला लोटली. दिवसा खिडकीतून ऊन पेटीवर पडायचं, आणि सांजच्याला लोक जमले की रंगराव गॅसबत्ती पेटवून काचेला टेकवून ठेवत. इतका उजेड तर त्यांनी स्वतःच्या लग्नातही पाहिला नसेल.

व्हायचं तेच झालं. पेटीला शेवाळ धरलं. आधी काचेला हिरवट कड आली, मग पाणी हिरवं झालं, आणि मग आत मासे आहेत हे रंगरावांनी सांगावं आणि लोकांनी मानावं अशी वेळ आली. राखेने काचा घासून झाल्या, पाणी बदलून झालं. दोन दिवसांनी पुन्हा पहिल्यासारखं. पाहुणे तर तोंडावर आलेले. ही मंडळी शेगावकडची होती, मुलाचे वडील किसनराव, घर चांगलं, आणि हेही हातचं गेलं तर लोक सिंधूतच खोट काढतील या धास्तीने रंगरावांना अन्न गोड लागेना.

तेव्हा कुठे त्यांना साहेबांचं सांगणं आठवलं. उजेड फार झाला की शेवाळ माजतं. पेटी चार दिवस अंधारात ठेवायची. आणि फोडणीचा धूर पाण्यावर बसू द्यायचा नाही. त्या दिवशी घागर सांभाळण्याच्या नादात त्यांनी नुसती मान हलवली होती.

रंगराव कुठलीही गोष्ट अर्धवट करत नसत, हा त्यांचा मोठाच दोष. त्यांनी पेटीवर पोतं टाकलं. खिडक्यांना घोंगड्या ठोकल्या. दार लावून घेतलं. दार उघडलं की उजेड येतो, म्हणून बाहेरच्यांना आत यायची बंदी केली. स्वयंपाकघर बैठकीला लागून, म्हणून फोडणी बंद. घरातले मुकाट्याने बिनफोडणीचं वरण गिळू लागले. कोंदट अंधारात माश्या झाल्या, तर त्यांनी दाराच्या चौकटीला कडुनिंबाच्या डहाळ्यांचा भलामोठा टाळा बांधला.

त्यांची बायको सोजराबाई तो टाळा पाहून दारातच थबकली. "असं घर बरं दिसत नाही," ती म्हणाली. "लोकं काय म्हणतीन?"

"लोकाइचं काय घेऊन बसली? चार दिवस कळ काढ. मंग पाह्य, आरशावानी पाणी होते."

आता, घरात देवी आल्या, म्हणजे कुणाच्या अंगावर देवीचे फोड उठले, की आपल्याकडे काय करतात? खोलीत अंधार करतात. दाराला कडुनिंब बांधतात. चुलीवर फोडणी देत नाहीत. परक्याला आत घेत नाहीत. आणि शेजारीपाजारी तोंडाने एक शब्द विचारत नाहीत, कारण विचारलं तर देवीचा कोप होतो. रंगरावांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्यांच्या डोक्यात त्या वेळी फक्त मासे पोहत होते.

शेजारच्या जनकाबाईने पहाटे नाक वर करून वास घेतला. फोडणी नाही. दाराकडे पाहिलं. कडुनिंब. खिडकीकडे पाहिलं आणि तिचे हात आपोआप जोडले गेले. दुपारी तिने गार दहीभात आणला, उंबऱ्याबाहेर ठेवला, पदर पसरून नमस्कार केला आणि न बोलता मागच्या पावली गेली. सोजराबाईला वाटलं, पाहुण्यांच्या गडबडीत आहोत म्हणून शेजारधर्म. दुसऱ्या दिवशी तिघींचा दहीभात आला. माणसं दारावरून जाताना चप्पल हातात घेऊ लागली. पोरांचा आवाज बंद झाला. रंगरावांनी घोंगडीच्या फटीतून हे पाहिलं आणि त्यांची छाती फुगली. गावात माशांना एवढा मान असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

सिंधू मात्र त्या अंधारात शिवणाच्या मशीनवर बसून अंदाजाने पोलक्याला टीप मारत होती. बाप बोलत होता, आई कुरकुरत होती, आणि जिच्यासाठी हे चाललं होतं तिला कोणी काही विचारत नव्हतं. याची तिला सवय झाली होती.

पाहुण्यांचा दिवस उजाडला. मंडळी दिवेलागणीला येणार असा भाऊरावांचा निरोप होता. दुपारी दार वाजलं म्हणून रंगरावांनी उघडलं, तर बाहेर देवी टोचणारा सरकारी माणूस. गाव त्याला देवीडॉक्टर म्हणत असे आणि तो दिसला की ज्वारीच्या शेतात पळत असे. त्याला पळणारे दंड पकडून पकडून वैताग आला होता.

"दाखवा," तो म्हणाला.

रंगराव खूश झाले. सरकारी माणूससुद्धा! पण आज पाहुणे यायचे आहेत, ते बघून गेले की मग सावकाश दाखवतो, असं त्यांनी अदबीने सांगितलं.

देवीडॉक्टर एक पायरी मागे सरला. असल्या घरात पाहुणे बोलावता, तुम्हाला लाज कशी नाही, अख्खं गाव मारता काय, असं तो जे बोलू लागला ते थांबेचना. शेजारी ओट्यावर आले. त्यातून थोडं थोडं करत रंगरावांना कळलं की गावाने त्यांच्या घरात काय आणून बसवलं आहे. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मासे आहेत हो, मासे, असं ते म्हणू लागले, पण ते कोणाला पटेना. शेवटी देवीडॉक्टर आत आला, पोत्याखाली काडी ओढून पाहिलं, सोजराबाई आणि सिंधूचे हात काडीच्या उजेडात तपासले आणि बाहेर येऊन कपाळ पुसलं. पण आलेली संधी सोडणारा तो नव्हता. भीतीने सगळी गल्ली त्या दिवशी घरात होती. त्याने आधी रंगरावांचाच दंड टोचला, मग ओट्यावरच्यांना धरलं. एकही जण पळाला नाही.

नेमकी त्याच दिवशी एसटी वेळेवर आली. पाहुण्यांनी स्टँडवरच्या हॉटेलात चहा मागवला आणि रंगरावांचं घर विचारलं. हॉटेलवाल्याने हात जोडून काय ते सांगितलं. किसनरावांनी चहा तसाच ठेवला आणि परतीची गाडी कधी आहे ते विचारलं. भाऊराव धावत गल्लीच्या तोंडापर्यंत आले आणि तिथूनच हाका मारू लागले. रंगराव ओट्यावर बसून राहिले. तिकडे जाऊन समजावण्याचंही बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. चौथंही गेलं, एवढंच त्यांना कळत होतं.

तेवढ्यात भाऊरावांना मागे टाकून एक तरणा माणूस गल्लीत शिरला. टोपी डोळ्यांवर ओढलेली. तो सरळ ओट्यावर चढला, कडुनिंबाचा टाळा बाजूला करून आत गेला. रंगराव त्याच्यामागे धावले. तो नवरामुलगाच होता, भगवान.

"कोणाले आल्या?" त्याने अंधारात विचारलं.

"माशाइले," सिंधूचा आवाज आला.

रंगराव खुलासा करू लागले. साहेब, शेवाळ, उजेड, फोडणी. तो ऐकून घेत उभा होता. सिंधूला मात्र ते ऐकवेना. तिने मशीनवरून उठून खिडकीची घोंगडी एका झटक्यात ओढून काढली. पश्चिमेचं ऊन आत आलं आणि भगवानच्या चेहऱ्यावर पडलं. गालावर, कपाळावर, नाकावर देवीचे वण होते. त्याचा हात वर गेला आणि अर्ध्यातच थांबला.

"मले लहानपणीच येऊन गेल्या," तो म्हणाला. "पुन्हा येत नाहीत, म्हणून मीच आलो. बाकीचे भेले. बाबानं दिवेलागणीची येळ उगीच नव्हती धरली."

"आमच्या बाबानं तं अंधार माशासाठी केला," सिंधू म्हणाली.

तो हसला. मोकळं, मोठ्याने हसला. मग तीही हसली. त्यांच्या शेजारी पोतं सरकलेल्या पेटीतलं पाणी खरोखरच आरशासारखं झालं होतं, लाल मासे ऐटीत फिरत होते, पण त्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती.

देवीडॉक्टरने स्टँडवर जाऊन साक्ष दिली आणि साक्षीच्या बदल्यात सगळ्या पाहुण्यांचे दंड टोचले. मग मंडळी दंड सांभाळत आली. सोजराबाईने गडबडीत बिनफोडणीचे पोहे पुढे ठेवले आणि ते सगळ्यांनी निमूटपणे खाल्ले. किसनराव घसा खाकरून म्हणाले की मुलगी पसंत आहे. पोराने सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, त्यामुळे त्यांना दुसरं काही म्हणता आलंही नसतं.

रंगराव हो म्हणणार तोच थांबले. उठून आत गेले. सिंधू चुलीपाशी होती.

"सिंधे, तुले कसा वाटला?"

"बाबा, हे आधीच्या तिघाइच्या वक्ती काऊन नाही विचारलं?"

"मले वाटलं, त्याइचीच पसंती पाह्यजे."

"ते काही तुमच्या घराले नाव ठेवून गेले नाहीत. मीनंच भाऊरावकाकाले परसदारी बोलावून सांगतलं होतं, मले नाही पाह्यजे म्हणून."

रंगरावांना ती बैलगाडी आठवली, घागर आठवली, राखेने घासलेल्या काचा आणि घशाखाली न उतरणारं वरण आठवलं.

"आन् आज?"

"आज भाऊरावकाका परसदारी येऊन उभे होते," सिंधू चुलीत काडी सरकवत म्हणाली. "मी काही सांगतलं नाही."

रंगराव टोचलेला दंड धरून बाहेर आले, किसनरावांसमोर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदाच 'मुलगी पसंत आहे' हे वाक्य उलटं म्हणाले. "पाहुणे, आमच्या पोरीले तुमचा पोरगा पसंत आहे."