बिघडलेल्या कॉफीचा जग

एकदा मनावर घेतलं की मी कुठलीही गोष्ट तडीस नेतो, असं लोक माझ्याबद्दल म्हणतात. म्हणजे अजून कोणी म्हणालेलं नाही. पण कधीतरी म्हणतीलच, म्हणून मी आधीच सांगून ठेवतो!

त्यामुळे घरच्या घरी उत्तम कॉफी करायची असं मी ठरवलं, तेव्हा ती होणार याबद्दल निदान मला तरी शंका नव्हती. हे खूळ डोक्यात भरवलं आमच्या ऑफिसच्या ऑडिटरांनी. त्यांनी एकदा घरी बोलावलं आणि बाहुलीच्या भातुकलीत शोभेल अशा कपातून घोटभर काळी कॉफी पाजली.

"जर्दाळू लागला का?" त्यांनी डोळे मिटून विचारलं.

"लागला!" मी म्हणालो. मला जळकं लाकूड लागलं होतं. पण ऑडिटरला नाही म्हणायची आमच्या ऑफिसात पद्धत नाही.

"आणि शेवटी लिंबाची साल?"

"तीही लागली!"

एवढं खोटं बोलून झाल्यावर मशीन घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ते आलं. चकचकीत, जाडजूड, पुढे दाबाचा काटा असलेलं. ओट्यावर त्याला मावेल अशी एकच जागा होती आणि तिथे लग्नापासून मिक्सर उभा होता.

"मिक्सर कुठे जाणार?" बायकोने विचारलं.

"फ्रिजवर."

"आणि रोज मला फ्रिजवर कोण चढवणार?"

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मी विषय बदलून कॉफीतल्या जर्दाळूबद्दल बोलू लागलो. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे मला जरा खटकलंच. ती माझं शेवटपर्यंत ऐकते तेव्हा तिचा निकाल आधीच लागलेला असतो.

"रविवारी आप्पा येतायत," ती म्हणाली. "त्यांनी तुमच्या मशीनची कॉफी तळ दिसेपर्यंत प्यायली, तर मशीन राहील. नाहीतर मशीन माळ्यावर आणि मिक्सर जागेवर!"

आमच्या माळ्यावर माझी गिटार आहे, जागच्या जागी चालवायची सायकल आहे, तारे बघायची दुर्बीण आहे आणि मासे नसलेली माशांची पेटी आहे. तिथे गेलेलं काहीही खाली आलेलं नाही. प्रत्येक वस्तू वर चढवताना शिडी मीच धरली होती. या वेळी मात्र मला ती धरायची नव्हती. खरंच नव्हती!

आप्पा म्हणजे माझे सासरे. निवृत्त बॉयलर इन्स्पेक्टर. उभा जन्म कारखान्यांच्या बॉयलरचे काटे तपासण्यात गेला. त्यांनी बोट वर केलं की गिरण्या थांबायच्या, असं ते स्वतः सांगतात. कॉफीच्या बाबतीत माणूस भलता सभ्य. न आवडलेल्या कॉफीचा एक घोट घेणार, "छान!" म्हणणार आणि भरलेला कप बशीवर असा अलगद ठेवणार, की करणाऱ्याने पुन्हा त्या वाटेला जाऊ नये.

मी सराव सुरू केला. बिया दळायच्या, दांडीच्या गाळण्यात भरायच्या, दट्ट्याने दाबायच्या, बटण दाबायचं. वाचायला सोपं आहे. पहिली कॉफी नळासारखी भदाभदा आली. ऑडिटर फोनवर म्हणाले, "बारीक दळा." बारीक दळली, तर आलीच नाही. "जाड दळा." पुन्हा नळ! मी बियांना दोष दिला, पाण्याला दिला, विजेच्या दाबाला दिला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," बायको मिक्सरसाठी स्टूल ओढत म्हणाली.

फसलेली कॉफी मी मोरीत ओतायला निघालो, की ती हात धरायची. आमच्या घरात काहीही टाकायचं नाही, हा तिचा नियम. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवणारी बाई ती! तिने फ्रिजमध्ये स्टीलचा एक मोठा जग ठेवला. कडू, आंबट, पाणचट, करपट, जे काही मशीनमधून येईल ते त्या जगात. तो जग बघता बघता गळ्यापर्यंत भरला. फ्रिज उघडला की माझं अपयश मला थंड वारा घालायचं.

रविवार उजाडला. आप्पा आले, जेवले आणि बाहेरच्या खोलीत आडवे झाले. ते उठायच्या आत एक तरी कॉफी जमायला हवी होती. मी स्वयंपाकघराचं दार लोटलं, ऑडिटरांना फोन लावला आणि दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून स्पीकर चालू केला. तिथेच घात झाला.

"काटा नऊवर गेला!" मी ओरडलो. मशीनच्या घरघरीत ओरडल्याशिवाय भागत नव्हतं.

"उत्तम! थांबवू नका!" ऑडिटर तिकडून ओरडले.

"काहीच बाहेर येत नाहीये! अकरावर गेला! बाजूने वाफ फुटतेय!"

"फुटू दे! घाबरू नका! दाबून धरा!"

दार धाडकन उघडलं. दारात बनियनवर आप्पा उभे होते. त्यांनी काटा पाहिला, वाफ पाहिली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी जावई असल्याचं ते विसरले असावेत.

"सगळे बाहेर!"

"आप्पा, ही कॉफी..."

"बाहेर!!"

त्यांनी मेन स्विच खाली ओढला, गॅस बंद केला, मला दंडाला धरून जिन्याकडे ढकललं आणि जाताजाता प्रत्येक दार बडवलं. "बॉयलर फुटतोय! खाली चला!" या वयात त्यांचा आवाज असा लागेल असं मला वाटलं नव्हतं. खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य हातात चिमटा घेऊन बाहेर आले आणि त्यांच्यामागून तोंडात कापूस कोंबलेला पेशंट. समोरच्या काकू टीव्ही कवटाळून उतरल्या. बायको शांतपणे, चपला घालून, सर्वांत शेवटी आली.

आम्ही सगळे रस्त्यापलीकडे उभे राहून खिडकीकडे बघू लागलो. काही फुटेना. काकूंचे हात भरून आले. तेवढ्यात माझ्या खिशातल्या फोनमधून ऑडिटरांचा आवाज आला, "आली का हो? जर्दाळू आला का?"

मी फोन बंद केला.

"बॉयलर केवढा आहे?" दंतवैद्यांनी विचारलं.

मी हातांनी दाखवलं. साधारण पाणी प्यायचा पेला असतो, तेवढा.

काकूंनी टीव्ही माझ्या हातात दिला. कापूस कोंबलेला पेशंटही काहीतरी म्हणाला. ते कळलं नाही हे बरंच झालं.

"दाब तो दाब!" आप्पा तांबडेलाल झाले. "त्यात लहानमोठं काही नसतं! ते यंत्र या घरात राहणार नाही. मी सांगतोय!"

म्हणजे आता कॉफी करण्याचाही प्रश्न उरला नव्हता. काकूंचा टीव्ही छातीशी धरून मी उभा होतो आणि मला आमचा माळा डोळ्यांसमोर दिसत होता. दुर्बिणीच्या शेजारी थोडी जागा होती. मला फार वाईट वाटलं.

बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ती घराकडे चालू लागली.

"कुठे निघालीस? आत धोका आहे!" आप्पा गरजले.

"सगळे दमलेत. कॉफी ठेवते."

गिरण्या थांबवणाऱ्या माणसाला स्वतःची मुलगी थांबवता आली नाही.

आम्ही एकेक करून तिच्यामागोमाग वर गेलो. तोवर गॅसवर पातेलं चढलं होतं. तिने ट्रे फिरवला. आप्पांनी कप घेतला तो केवळ मुलीने दिला म्हणून. एक घोट घेतला. आता "छान!" येणार, म्हणून मी डोळे मिटले. आवाज आला तो दुसऱ्या घोटाचा. मग तिसऱ्याचा. मग बशीत सांडलेली कॉफी फुरकल्याचा!

"अजून आहे?" आप्पांनी विचारलं. "अशी कॉफी मी आयुष्यात प्यायलो नाही. कशावर केलीस?"

"ह्यांच्याच मशीनची आहे," बायको म्हणाली.

ती खोटं बोलत नाही. ओट्यावर तिच्यामागे स्टीलचा जग होता. रिकामा! माझी झाडून सगळी पापं तिने दूध-साखर घालून उकळली होती. कापूस काढून पेशंटसुद्धा दोन कप प्यायला.

आप्पांनी कप उपडा करून पाहिला. मग उठून मशीनला प्रदक्षिणा घातली. "यंत्र तसं वाईट नाही," ते म्हणाले. "चालवणाऱ्याला शिस्त नाही." त्यांनी मुलीची नेलपॉलिश मागवली आणि काट्याच्या काचेवर पाचाच्या आकड्याशी लाल रेघ मारली. "याच्या वर काटा गेला, तर माझ्याशी गाठ आहे!"

मशीन राहिलं. मिक्सरही ओट्यावर परतला. त्याच्यासाठी मशीनशेजारचा माझा पाणी गाळायचा फिल्टर माळ्यावर गेला. शिडी मीच धरली. पाचाच्या आत कॉफी बिघडतेच, आणि आता ती रोज नेमाने बिघडते. जग भरला की आप्पांना निरोप जातो.

पण आज सकाळी बायको अंघोळीला गेली असताना मी रेघ ओलांडली. काटा नऊवर गेला, तिथेच थांबला आणि कॉफी आली! मधासारखी दाट धार, वर सोनेरी फेस. मी घोट घेतला आणि तुम्हाला शपथेवर सांगतो, जर्दाळू लागला! अगदी लिंबाच्या सालीसकट! मी उरलेली कॉफी भातुकलीच्या कपात घालून, ओले केस पुसत आलेल्या बायकोपुढे धरली.

तिने चव घेतली. जरा विचार केला.

"आज काहीतरी बिघडलंय," ती म्हणाली. "पण टाकू नका. जगात ओता."

मी ओतली.