संध्याकाळपर्यंत सुटतील

डॉक्टर गद्रे पुण्याहून अमरावतीच्या एका धर्मादाय दवाखान्यात रुजू झाले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत कपडे कमी आणि विलायती मासिकं जास्त होती. ती वाचवाचून त्यांच्या डोक्यात एक संशोधन शिरलं होतं. तातडीचा रोगी दारात आला की नाडी, श्वास, जीभ पाहून जागच्या जागी सांगायचं: हा घरी जाणार, खाटेवर जाणार, की नागपूरला धाडावा लागणार. आणि ज्याची अवस्था वाईट, त्याला आधी तपासायचं. आजवर व्हरांड्यातल्या बाकावर जो आधी बसेल तो आधी, असा रिवाज होता. त्यामुळे काटा मोडलेला माणूस ऐटीत आत जाई आणि साप चावलेला त्याची वाट पाहत बसे.

गद्र्यांना त्या बाकाच्या जागी आडोसा घालून दोन खाटा हव्या होत्या. मोठे डॉक्टर काळमेघ इथल्याच मातीतले. त्यांनी महिनाभर ऐकून घेतलं आणि एका सकाळी म्हणाले, "आज येईल त्या प्रत्येकाचं भाकीत करा, गद्रे. सहाच्या घंटेपर्यंत सगळी खरी ठरली तर व्हरांडा तुमचा. एक जरी चुकलं, तर ती मासिकं रद्दीत घाला."

गद्र्यांनी बाह्या सरसावल्या. बैलानं शिंग मारलेला खाटेवर गेला, घटसर्पाचं पोर नागपूरला गेलं. भाकितं धडाधड खरी होत होती. दुपारी बैलगाडीतून महादेवराव आले. आदल्या दिवशीच्या पंगतीत त्यांनी वांग्याच्या भाजीबरोबर गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले इतके जाडजूड रोडगे हाणले होते की वाढणारा दमला होता. आता छातीत दुखत होतं. गद्र्यांनी नीट तपासलं, सोड्याचं औषध पाजलं आणि एक दणदणीत ढेकर ऐकून निकाल दिला: घरी.

महादेवरावांच्या बायकोला, पार्वताबाईंना, त्यांनी हसऱ्या चेहऱ्यानं सांगितलं, "काळजी सोडा. आता औषधाची गरज नाही. संध्याकाळपर्यंत सुटतील. घरी न्यायची तयारी ठेवा."

पार्वताबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. वऱ्हाडातला डॉक्टर औषध बंद करून 'घरी न्या' कधी म्हणतो, हे त्या भागातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. त्यात हा 'सुटतील' म्हणत होता, तेही हसून.

"तरास त नाई ना होनार त्याह्यले?" त्यांनी पदर तोंडाशी धरून विचारलं.

"मुळीच नाही. शांतपणे होईल सगळं."

"काई मागतलं त देऊ?"

"द्या की!" म्हणून गद्रे पुढच्या रोग्याकडे धावले.

पार्वताबाईंनी गाडीवाल्याला बस स्टँडवर पिटाळलं. परतवाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ भावासाठी निरोप गेला. मग त्या नवऱ्याच्या उशाशी बसल्या आणि म्हणाल्या, "अवो, काई खावासं वाटते का?"

आपली बायको आपण होऊन खायला विचारते आहे, यावरूनच महादेवराव काय ते समजले. त्यांनी डोळे मिटले. "मंग एक रोडगा दे. तूप टाकून."

रोडगे गाठोड्यात होतेच. एकावर थांबले नाहीत. दर घासाला पार्वताबाई रडत होत्या आणि दर हुंदक्याला तूप वाढत होतं. पाचाच्या सुमाराला पोट टम्म फुगलं, भीतीनं नाडी धावू लागली आणि महादेवराव खरोखरच विव्हळू लागले.

सहाला थोडा वेळ असताना गद्रे परत येऊन पाहतात तो व्हरांड्यात सारा गोतावळा! बायका रडताहेत, पुरुष उपरणं तोंडाला लावून उभे आहेत. फाटकाशी एक ट्रक, त्यातून परतवाड्याचा चंद्रभान, पार्वताबाईंचा भाऊ, आपल्या वखारीतले चांगले पोसलेले बांबू उतरवून घेतो आहे.

"हे काय चाललंय?"

"तिरडीचे बांबू हायेत, डाक्तर सायेब," चंद्रभान हळूच म्हणाला. "आमचे जवाई हायेत, हलका माल कसा चालन?"

"अहो, कोण मेलंय? मी म्हटलं, घरी जातील!"

"थेच त सांगून राह्यलो. आखरी सगळ्याह्यले तिकडंच जा लागते."

गद्र्यांनी महादेवरावांची नाडी धरली आणि त्यांना स्वतःच्याच छातीत कळ आल्यासारखं वाटलं. हा माणूस आज घरी जात नाही. आडोसा गेला, मासिकंही गेली.

तेवढ्यात काळमेघ आले. त्यांनी बांबू पाहिले, रोडग्यांचं रिकामं फडकं पाहिलं आणि पार्वताबाईंना विचारलं, "ह्या डाक्तरनं काय म्हनतलं होतं?" ऐकून त्यांनी मिशी चावली. मग खाटेवर वाकून जोरात म्हणाले, "महादेवराव, तुमाले दोन दिवस ठेवा लागीन. औषध हाय. चार सुया टोचतो."

महादेवरावांनी एक डोळा उघडला. "सुया? म्हंजे मी वाचतो?"

"वाचता नाई त काय! मेल्यावर कोनी सुया टोचते का?"

महादेवराव ताडकन उठून बसले. व्हरांड्याच्या टोकाचं कुत्रं पळून जाईल असा ढेकर आला. "मंग ठेवता कायले? वावरात तूर पडली हाय!" असं म्हणत ते फाटकाबाहेर पडले आणि बैलगाडीत चढले. मागून घंटा वाजायला लागली.

"घरी," काळमेघ गद्र्यांना म्हणाले. "भाकीत खरं झालं. व्हरांडा तुमचा. पण आडोशाला लाकूड कुठून आणायचं, ते तुम्ही बघा."

चंद्रभान बांबूंकडे पाहत डोकं खाजवत उभा होता. "हे काई आता घरी नेता येत नाई, सायेब. इथंच राहू द्या. फक्त जवाईबुवाले सांगू नोका."

गद्र्यांनी सांगितलं नाही. पुढच्या पंगतीनंतर महादेवराव पुन्हा आले आणि बाकावर न बसता थेट आत घेतले गेले. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी आडोशाच्या बांबूवरून हात फिरवला. "लय मजबूत काम हाय, डाक्तर सायेब. कुठचे हायेत?"

"परतवाड्याचे. तुमच्या मेहुण्यांनीच दिले."

"चंद्रभाननं? थो त मले काडी देत नाई कधी! कोनासाठी देल्ले?"

गद्र्यांनी घाईघाईनं त्यांची नाडी धरली. "औषध घ्यावं लागेल," ते गंभीरपणे म्हणाले. "दोन दिवस ठेवावंही लागेल."

पार्वताबाईंनी सुटकेचा नि:श्वास टाकला आणि महादेवराव समाधानानं कुशीवर वळले.